रस्त्यावर पेरलेला गहू

हसू नका, पण चंदीगडात पेरणी केलेला आपल्यातला मी एकटाच. आमच्या लॅबला प्रदर्शनासाठी जुन्या काळचं पेरणीयंत्र हवं होतं. ते माझ्या गळ्यात पडलं, कारण इंजिनिअरांत मीच विदर्भातला, म्हणजे जन्मतःच शेतीतज्ज्ञ. वास्तविक मी तिफणीला कधी हातही लावलेला नाही.

इंडस्ट्रियल एरियातल्या बलबीर मिस्त्रीने यंत्र मात्र झकास बनवलं. चाक फिरलं की पेटीतून वीत-वीत अंतरावर गव्हाचा दाणा पडायचा. त्याने विचारलं, "साहब जी, दाना रोकने का एक खटका लगा दूँ?" मी म्हटलं, "पुराने नक्शे में नहीं है. हम असली चीज़ बना रहे हैं."

डेमोच्या दिवशी टेम्पो आलाच नाही. मग गव्हाने भरलेलं ते यंत्र आम्ही बलबीरच्या स्कूटरमागे बांधलं आणि हळूहळू ओढत सेक्टर तीसला लॅबवर आणलं. डायरेक्टर गेटवरच उभे होते. त्यांनी झाकण उघडलं, तर पेटी रिकामी.

"देशमुख, गेहूँ कहाँ है?"

बलबीरने शांतपणे मागे बोट दाखवलं. पार चौकापर्यंत रस्त्याच्या कडेला कबुतरं दाणे टिपत होती. एका सरळ ओळीत, वीत-वीत अंतरावर.

डायरेक्टरांनी ती ओळ पार टोकापर्यंत न्याहाळली. मग म्हणाले, "मशीन तो पास है. इंजीनियर का देखना पड़ेगा."