सेल्वमच्या चर्चमध्ये

स्मिताबाई : अहो, मराठी आहात तर मघापासून मला इंग्रजी कशाला फाडायला लावलंत? मी स्मिता साळवे. मूळची नगरची. नर्स म्हणून सिंगापूरला आले, त्याला चौतीस वर्षं झाली. चला, आत बसा.

अरुणा : नको, इथेच बरी आहे मी. आम्ही हिंदू आहोत. चर्चमध्ये मी पहिल्यांदाच येतेय.

स्मिताबाई : आमच्या दारात कुणी विचारत नाही ते. चपला राहू द्या हो पायात. हे घ्या उपासनेचं पत्रक. नाव काय म्हणालात?

अरुणा : अरुणा मोघे.

स्मिताबाई : मोघे? म्हणजे धनेशची बायको? अगं, मग तुला अहो-जाहो कशाला करतेय मी! तीन महिने वाट बघतोय आम्ही तुझी.

अरुणा : तीन महिने?

स्मिताबाई : दर रविवारी येतात की ते. बोलले नाहीत तुला?

अरुणा : मला सांगतो ऑफिसला जातोय, तिकडे तांजोंग पगार भागात. काल शर्ट धुवायला टाकताना खिशात असलंच पत्रक निघालं. आज मुलीला शेजारी ठेवलं आणि आले. मला वाटलं, कुणी बाई असेल.

स्मिताबाई : बाई कसली गं. येतात, शेवटच्या बाकावर बसतात, रडतात आणि जातात. आम्हीही खोदून विचारत नाही.

अरुणा : धनेश रडतो?

स्मिताबाई : अगदी पहिल्या दिवसापासून. सेल्वमच्या अंत्यविधीला आले होते ना, तेव्हापासून. यार्डात जहाजाच्या टाकीत गुदमरून गेला बघ तो. कंपनीनं यांच्या हाती फुलं पाठवली होती. आम्ही पुढे बसवलं, चहा दिला. पुढच्या रविवारी बघते तर परत दारात उभे.

अरुणा : सेल्वम... इथे यायचा?

स्मिताबाई : सात वर्षं. त्याचा भाऊ अँथनी अजून येतो. तो बघ, निळ्या शर्टातला. त्यानंच नाही का आत्ता तुझ्यासाठी फाटक धरलं?

अरुणा : तो त्याचा भाऊ?

स्मिताबाई : हो. काय झालं?

अरुणा : धनेश कुठंय?

स्मिताबाई : पाळकसाहेबांकडे. उपासनेनंतर अँथनीशी बोलायचंय म्हणे. मागची खोली उघडून ठेवायला सांगितलीय मला. कशाबद्दल, ते नाही माहीत. हे बघ, आलेच ते.

धनेश : अरुणा? तू इथे कशी?

अरुणा : स्मिताबाई, आम्हाला दोन मिनिटं...

स्मिताबाई : बोला निवांत. मी पत्रकं वाटते तोवर.

अरुणा : त्या माणसाला काय सांगणार आहेस तू?

धनेश : जे झालं ते.

अरुणा : काय झालं? मला म्हणालास, दोन तासच गेलो होतो यार्डात, माझा काही संबंध नाही, उगाच गोवतील. कामगार मिनिस्ट्रीतून चौकशीचा फोन आला तेव्हा मी सांगितलं, ताप होता, दिवसभर घरी झोपून होता. एक शब्द विचारला नाही तुला.

धनेश : संबंध आहे. टाकीतला गॅस तपासल्याशिवाय माणूस आत उतरवायचा नसतो. ते बघणं माझं काम. जहाज दुपारी सुटायचं होतं, वरून सारखे फोन येत होते. मी तपासलं नाही. तोंडी सांगितलं, उतरा म्हणून.

अरुणा : मग आत उतरायच्या परवानगीच्या कागदावर सही कुणाची आहे?

धनेश : चारुदत्तांची.

अरुणा : आपले चारुदत्तकाका? गणपतीला घरी येतात ते?

धनेश : मी सांगतोय म्हणजे तपासलं असणार, असं समजून सही केली त्यांनी. आता चौकशीवाल्यांनी पासपोर्ट काढून घेतलाय त्यांचा. उद्या सकाळी नऊला मी मिनिस्ट्रीत जाणार आहे. त्याआधी अँथनीला माझ्या तोंडून कळायला हवं.

अरुणा : आणि आम्ही? तुझा कामाचा पास गेला की आमचे इथे राहायचे पासही गेले. ऋताला भर वर्षात शाळेतून काढायचं? तुला आत टाकलं तर मी इथे कुणाच्या जिवावर राहू? आणि मी खोटं बोललेय सरकारी माणसाशी, ते वेगळंच.

धनेश : म्हणून तर तुला सांगत नव्हतो.

अरुणा : घरी चल. अजून कुणाला काही कळलेलं नाही. चल ना.

धनेश : अंत्यविधीच्या दिवशी अँथनीनं त्याच्या आईला फोन लावला होता, गावाला. कंपनीचे साहेब आलेत म्हणून मला बोलायला दिलं. तिला इंग्रजी येत नाही, मला तमिळ येत नाही. ती एकच विचारत राहिली. मी अँथनीला म्हटलं, काय म्हणतायत? तो म्हणाला, तुम्ही जेवलात का विचारतेय.

अरुणा : धनेश...

धनेश : उपासना सुरू होतेय. तू घरी गेलीस तरी चालेल.

(अरुणा घरी गेली नाही. शेवटच्या बाकावर बसून ती तासभर निळ्या शर्टाच्या पाठीकडे बघत राहिली. आता मागच्या खोलीचं दार आतून लागलंय, आणि ती बाहेर भिंतीला टेकून उभी आहे.)

स्मिताबाई : चहा घे.

अरुणा : आत काय चाललंय ते कळलं, तर चहा नाही देणार तुम्ही.

स्मिताबाई : कळलंय. तुमचं बोलणं कानावर पडलं मघाशी. मुद्दाम नाही ऐकलं.

अरुणा : मग?

स्मिताबाई : सेल्वमचं अंग मी पुसलं होतं, पेटीत ठेवायच्या आधी. तेव्हा आज मला काही विचारू नकोस. चहा तेवढा घे.

अरुणा : आतून आवाज का येत नाही काही?

स्मिताबाई : अँथनी आरडाओरडा करणाऱ्यातला नाही. केला असता तर बरं वाटलं असतं मला.

अरुणा : वीस मिनिटं होऊन गेली.

स्मिताबाई : कडी काढली बघ कुणीतरी. मी जाते. तुमचं तुम्ही बोला.

अरुणा : धनेश, तो कुठंय?

धनेश : आतच. बसलाय.

अरुणा : काय म्हणाला?

धनेश : म्हणाला, आत उतरताना माझा भाऊ काही बोलला का?

अरुणा : बोलला होता?

धनेश : मला विचारलं होतं त्यानं. सर, चेक केलं ना?

अरुणा : ते सांगितलंस?

धनेश : हो. आणि मी हो म्हणालो होतो, तेही.

अरुणा : मग?

धनेश : उद्या कुठे जायचंय, किती वाजता, ते विचारून घेतलं. म्हणाला, मी पण येतो.

अरुणा : आपल्या सोबतीला, की आपण खरंच जातोय का ते बघायला?

धनेश : आपण?

अरुणा : फोनवर खोटं मी बोलले होते. मला यावंच लागेल. सांग ना, कशासाठी येतोय तो?

धनेश : ते विचारायचं धाडस नाही झालं.