जगदीशनं थांबवलेलं गाणं

अध्यक्षस्थानी असलेल्या सरपंच ललिताताई, व्यासपीठावरील मान्यवर, तरुण मंडळाचे अध्यक्ष बुधाजीराव आणि पोशीरच्या रसिक मंडळींनो, सर्वांना नमस्कार.

जगदीशच्या निरोपाला मला बोलायची संधी दिलीत, आभार. खरं सांगू? मला आत्ता काहीच वाटत नाहीये. त्याच्या अंगावर शाल घातली, टाळ्या वाजवल्या, तरी आत सगळं बधिर.

कॉलेजात असताना आम्ही दोघं एका जुन्या लॅपटॉपवर गाणी करू लागलो. ढोलकी नाही, पेटी नाही. सगळे ठोके यंत्राचे. ते जगदीश बसवायचा, मी गायचे. त्याचे वडील, नामाकाका, विचारायचे, "ह्ये टकटक कसलं रं? कामाला कधी लागनार?" एकदा बापलेकांचं जोराचं वाजलं आणि जगदीश घर सोडून नेरळला खोली करून राहिला. तिथं झालं 'मला हाक मारू नका'. तुम्ही त्यावर नाचलात, अगदी हळदीतसुद्धा! घरी भांडलेल्या कुठल्या पोराला ते आपलं वाटलं नाही?

गेल्या वर्षी नामाकाकांना अर्धांगवायू झाला, वाचा गेली. जगदीश घरी परतला. तोच त्यांना भरवतो, त्यांची दाढी करतो. पुढे कर्जतच्या कार्यक्रमात लोकांनी तेच गाणं मागितलं. ठोके सुरू झाले, मी तोंड उघडलं, आणि त्यानं मध्येच सगळं बंद केलं. स्टेजमागे म्हणाला, "नम्रता, बाबांना आता हाक मारताच येत नाय. मी ह्ये कसं वाजवू?"

"मग यावरच नवं गाणं करू," मी म्हटलं. "लोक रडतील."

"नको गं. ते घरातच राहू दे."

मला राग यायला हवा होता. तोही आला नाही. एवढंच कळलं, की हा मोठा झाला. सोमवारी तो गाणं सोडून खालापूरच्या कारखान्यात रुजू होतोय. कुणी भाग पाडलं म्हणून नव्हे, स्वतः ठरवून.

क्षमा करा, एक घरचं बोलते. माझी आई, विमलबाई, समोर बसली आहे. जगदीश थांबला म्हणजे मीही थांबले, असं समजून तिनं रविवारी मला बघायला पाहुणे बोलावलेत. आई, येऊ देत त्यांना. चहा मी करीन. पन त्यांना आधीच सांग, पोरगी गानं सोडनार नाय. एकटीनं करायचं तर एकटीनं.

आपण शांतपणे ऐकलंत, ऋणी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर आपलीच मुलगी समजून सांभाळून घ्या.