जनरेटरचा आवाज

उतुआदो गावातल्या पेट्रोल पंपावर रांगेत माझ्यापुढे दोन म्हाताऱ्या शेजारणी उभ्या होत्या.

"ओब्दुलिया, आता सगळ्या गल्लीला सोलरची वीज आहे. तुला डिझेल कशाला गं?"

"वादळानंतर महिनोन्महिने वीज नव्हती तेव्हा आणलेला आमचा जनरेटर उद्या भंगारात जाणार. त्याआधी एकदा चालू करते."

"बाई गं! त्या धडधडीनं कान किटले होते. तुझ्या नवऱ्याला, विल्फ्रेदोला किती शिव्या घातल्या आम्ही!"

"तुझ्या आईचं इन्सुलिन त्याच्यावर चालणाऱ्या फ्रिजमध्येच थंड राहिलं, नेरेइदा."

"राहिलं खरं. आणि एका दिव्याखाली सगळी गल्ली डोमिनो खेळायची."

"विल्फ्रेदो गेला आणि घर अगदी गप्प झालं बघ."

"दे तो कॅन इकडे, भरल्यावर तुला उचलवणार नाही. पण गल्ली ओरडेल हं."

"ओरडू दे. तेव्हाही ओरडायची, आणि विल्फ्रेदो हसत आणखी डिझेल ओतायचा."