मैल्याच्या पाइपामागचा पंप

आजी : …तुझ्या आजोबांच्या पान्याची शपथ, यातला शब्दन् शब्द खरा आहे. मध्ये बोलायचं नाही.

नात : आजी, मला पाचच्या आत या ड्रॉइंगवर सही करून पाठवायचीय.

आजी : म्हणून तर सांगतेय. पंप कुठे बसवलाय म्हणालीस?

नात : संडासाच्या पाइपामागे. युद्धनौकेत जागा असते कुठे? साहेब म्हणतात, तीन वर्षं बिघडणारच नाही, कर सही.

आजी : शी! आजोबा गोदीत फिटर होते, तेव्हाही एका नौकेवर अस्साच होता. तीन वर्षं म्हणाले, तीन महिन्यांत जाम झाला. झाकण उघडायचं तर आधी मैल्याचा पाइप सोडवायचा. दोनशे माणसांचा मैला, बाई! पाइप सुटला आणि सगळं यांच्या अंगावर. कानात, नाकात, खिशातल्या डब्यात.

नात : ईऽऽ! मी चहा पितेय.

आजी : पी की, तुझा स्वच्छ आहे. असा भपकारा सुटला की कॅप्टनच्या मिशा पिवळ्या पडल्या. समुद्रपक्षी उलटे उडायला लागले.

नात : आजी…

आजी : शपथ घेतलीय मी. सहा तास उपडं पडून, एका हाताने काम केलं. दुसरा हात आत मावतच नव्हता. मग तसेच, न धुता, ड्रॉइंग ऑफिसात गेले आणि ज्या बुवाने सही ठोकली होती त्याच्या टेबलावर बरबटलेलं झाकण ठेवलं. म्हणाले, "आता हे तुम्ही बसवून दाखवा."

नात : तू तेव्हा तिथेच होतीस ना?

आजी : होते की, कोपऱ्यात नकाशे गिरवत.

नात : मग? बसवलं त्याने?

आजी : कोपरापर्यंतसुद्धा हात गेला नाही. आणि केसांतला वास आठवडाभर हलला नाही. शिकेकाई संपली घरातली.

नात : पण पंप पुढे आणायचा म्हणजे सगळी मांडणी बदलायची. उशीर होईल, खापर माझ्यावर फुटेल.

आजी : फुटू दे. खापराला वास नसतो.

नात : (पेन खाली ठेवून) नाही करत सही. साहेबांना म्हणेन, आधी तुमचा हात घालून दाखवा. पण आता खरं सांग, मिशांचं खोटं ना?

आजी : मिशा खऱ्या. पक्षीही खरे.

नात : मग खोटं काहीच नाही?

आजी : बुवा तेवढा खोटा. त्या टेबलावर मी बसायचे.