उतरता खांदा

सरकारी दवाखान्यात रक्ताच्या रिपोर्टसाठी बाकावर ताटकळलेल्या आजींच्या समोरच हवालदारांनी टेबलावर एक धुतलेला निळा सदरा पसरला. म्हातारा शिंपी त्यावर वाकला.

"कॉलरला तुमच्या दुकानाची पट्टी आहे, काका. कालव्यात सापडलेल्या माणसाच्या अंगावर होता. आज ओळख पटली नाही, तर उद्या बेवारस म्हणून उरकावं लागेल."

"डावा खांदा बोटभर उतरता कापलाय. असा एकाच गिऱ्हाइकाला लागतो. हमाल आहे, ओझ्यानं खांदा उतरलाय."

"नाव?"

"वहीत 'उतरता खांदा' एवढंच लिहिलंय."

"धन्य आहात."

"माप चुकत नाही ना. थांबा, त्याच्या बहिणीचा नंबर आहे. हॅलो, ताई? भाऊ कुठं आहेत तुमचे?"

आजी बाकावरच पुढे सरकून ऐकू लागल्या.

"समोर जेवतायत? मग द्या त्यांच्याकडे. दादा, तुमचा निळा सदरा कुठाय? जोडीदाराला दिलात? साहेब, तो जोडीदार पंधरा दिवस बेपत्ता आहे. हे शोध शोध शोधतायत."

"उजव्या हाताला करंगळी होती का, विचारा."

"नव्हती म्हणतात. पेटीखाली सापडून गेली."

"मग तोच."

"रडतायत हो. त्याच्या आईला घेऊन निघतो म्हणतात. उद्याचं थांबवाल ना?"

हवालदारांनी 'बेवारस' लिहिलेला कागद फाडला आणि कोरा पुढे ओढला.

"थांबवलंच. आता त्याचं पूर्ण नाव विचारा. सावकाश सांगा म्हणावं, नीट लिहून घेतो."