मेन लाइन बंद

वावरात पाणी कुठं अडलं, ते मी बांधावरून सांगतो का नाही? वीस वर्षं झाले, ठिबकच्या नळ्या टाकून राह्यलो. आता माही अक्कल ऐका.

माही राणी आठ वर्षांची. दर दोन-चार महिन्यांनी पोट धरून लोळे, ओकाऱ्या काढे. आम्ही म्हणलं, बेंबी सरकली. देऊळघाटच्या बेंबी बसवणाऱ्या मावशीकडं नेलं, की ती पोटावर दिवा ठेवून वरून तांब्या पालथा घाले. चार दिवसांनी पोरगी बरी. मी वरून तिलेच म्हणो, "शाळा बुडवाचे नाटकं हायेत तुये."

मागच्या खेपेले मावशीनंच तांब्या बाजूले ठेवला. "भाऊ, हे बेंबीचं दुखणं नोहे. मोठ्या डॉक्टरले दाखव."

संभाजीनगरच्या डॉक्टरीणबाईनं मशीनमधला फोटो दाखवला. "हे स्वादुपिंड. यातल्या दोन नळ्या आईच्या पोटातच जुळायला हव्या होत्या, त्या जुळल्याच नाहीत. जवळजवळ सगळा पाचक रस या बारीक तोंडातून बाहेर पडतो. तो तुंबला, की सूज येते."

"म्हणजे मेन लाइन बंद, अन् सारं पाणी बारक्या नळीतून?"

"अगदी तसंच. दुर्बिणीनं ते तोंड मोठं करू."

मी पाहतच राह्यलो. दोऱ्याएवढी नळी, अन् तिच्या भरवशावर माह्या पोरीनं आठ वर्षं भाकर पचवली!

राणीनं फोटोवर बोट ठेवलं.

"बाबा, हे पाहा माहं नाटक."