माह्यासाठी आनलेली मशीन

माहा बाप लोहार, पिपरी मेघेचा, बंडीच्या चाकाले लोखंडी धावा बसवे. मी लहानपनापासून भाता ओढत आली, म्हनून देवळीचे लोक मले पाहाले आले तवा त्यायनं माह्या तोंडाकडं नाई पाह्यलं, दंडाकडं पाह्यलं, काय सांगू तुमाले बाई. सासू म्हने, पोरगी सावळी हाये पन हात चांगला हाये. खोटं कशाले बोलू, मले बरंच वाटलं ते.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचं लग्न आमचं. घराच्या मागं छपरी, तेच आमचं दुकान. आमचे हे इळे, खुरपे, कुऱ्हाडी घडवत अन् धार लावाले सान होती, सान म्हनजे दगडी चाक, त्याच्या आसाले चामड्याची वादी गुंडाळलेली, ते वादी एकानं बसून ओढत राहाची, इकडं ओढ, तिकडं ओढ, अन् दुसऱ्यानं इळा टेकवाचा. टेकवनारे हे, ओढनारी मी. पोरगी झाली, बाळंतपन उरकलं अन् पुन्हा बसली वादीवर. जवारी सोंगाच्या, कापाच्या दिवसात तं छपरीसमोर मानसं उकिडवे बसून राहात, घाई करत, वहिनी जरा जोर लावा म्हनत. लावला जोर. किती वर्ष लावला.

मंग उजवा हात वरच होईना. पोरीची वेनी घालाले गेली तं हात खांद्यापाशीच अटकला. पोरगी म्हने आई घाल ना, मी म्हनलं घालतो थांब, अन् रडली. वर्ध्याच्या दवाखान्यात दाखवलं, डॉक्टर म्हने ओढाचं काम बंद करा. बंद करा म्हने! जसं का मी शौकानं ओढून राह्यली. हे त्या रात्री जेवले नाई. सकाळी म्हने, मी विजेची मशीन आनतो, पट्ट्याची, तू आता वादीले हात लावाचा नाई.

पट्ट्याची मशीन म्हनजे रेजमालाचा, घासाच्या खरखरीत कागदाचा, लांब पट्टा दोन चाकायवर फिरत राह्यते, त्याच्यावर लोखंड टेकवलं का घासून निंगते. यायनं ते नागपूरले कुठंतरी पाह्यलती. मंग काय सांगू तुमाले, सोयरीक पाहावं तशी मशीन पाह्यली या मानसानं. पिशवीत आपलाच एक इळा घालून जात, वर्धा, नागपूर, जिथं कोनी सांगन तिथं. एका दुकानदारानं हातात धराची बुटकी मशीन दाखवली, सारं करते म्हने. यायनं इळा टेकवला तं पट्टा टरकन फाटला, ते निंगाली सुताराची, लाकडाची. दुसरी होती लोखंडाचीच, पन अशी सुसाट पळे का इळ्याची धार निळी पडली. लोखंड लाल करून पान्यात बुडवलं का त्याले पानी चढलं म्हनतात आमच्यात, अन् धार निळी पडली का ते पानी उतरलं, मंग तो इळा जवारीच्या धांड्यावर वाकते. हे म्हनत, आपल्याले पळनारी नाई पायजे, धिमी पायजे, पट्टा लांब पायजे म्हनजे फिरून येईतोवर गार होते, बैठक जड पायजे म्हनजे थरथरनार नाई. मी पोळ्या टाकत राहो अन् हे चुलीपाशी बसून सारं सांगत. मी म्हनो, तुमाले समजते तसं पाहा. मले काय समजे! पन खरं सांगू, माह्यासाठी कोनी असं उन्हातान्हात फिरलं नव्हतं, म्हनून ऐकत बसो.

शेवटी भेटली. नागपुरात एक कारखाना बंद पडलता, तिथली. धिमी, जड, लांब पट्ट्याची. तिथल्या मानसानं चालवून दाखवली, यायनं इळा टेकवला, बोट लावून पाह्यलं, धार गार. हे तिथंच हासले म्हने. यष्टीच्या टपावर बांधून आनली, छपरीत मांडली, मी कुकू लावलं, नारळ फोडला, शेजारच्या बाया पाहाले आल्या. मंग तार जोडाले लाइनमन आला. त्यानं मोटर पाह्यली, आमच्या भिंतीवरचा मीटर पाह्यला अन् म्हने, दादा, हे मोटर थ्री फेजची हाये, हिले तीन फेज लागते, तुमच्या घरात एकच. हे इथं फिरनार नाई.

कारखान्यात तीन फेज होते तं तिथं फिरली. पट्टा पाह्यला, चाक पाह्यलं, धार पाह्यली, मोटर कोन पाह्यते हो? मोटर तं मोटरच वाटली आमाले.

विजेच्या हापिसात गेले तं साहेब म्हने, थ्री फेज वावरातल्या पंपाले भेटते, पिठाच्या चक्कीले भेटते, तुमच्या गल्लीत लाइन आली का पाहू. गल्लीत काई आली नाई. मंग एका फेजची मोटर लावली, तं आमच्याकडं विजेले जोरच नाई, बल्ब निखाऱ्यावानी जळे, इळा टेकवला का मोटर थांबे, शेवटी धूर निंगाला अन् जळली. पायानं चालवाचं पायडल करून पाह्यलं, पाय मारला का हात हाले, धार वाकडी. मानूस ठेवाचा तं लोहाराच्या भट्टीपाशी येते कोन? पोरगी पुलगावले सासरी गेली. मंग यायनं मोटर काढली अन् त्या जागी हँडल बसवलं. मी गेली अन् डाव्या हातानं हँडल धरलं.

तशीच फिरवून राह्यली. मशीन वाईट नाई हो. धार गार राह्यते, इळ्याचं पानी उतरत नाई, बोरगाव मेघेचे भाजीवाले इथवर येतात धार लावाले. मी फिरवाले बसली का हे माह्याकडं पाहत नाई, इळ्याकडंच पाह्यतात. मले राग येते, लय येते, पन करू कोनावर? सानीले तं शिव्या द्यो मी, दगडच होता तो. हे मशीन तं यायनं माह्यासाठी आनली.

जाऊ द्या. पोरगी सुखात हाये, तुमचेबी लेकरं सुखात राहो. तुमची ते विळी ठेवून जा, उद्या येजा घ्याले. सकाळून नका येऊ, सकाळी हा डावा हातबी आखडून राह्यते, दुपारून येजा. डावा हाये अजून.